बंद खिडक्यांच्या व्हॅनमधला पंखा

मित्रांनो, मी एक जुना छतपंखा आहे. खोलीच्या मधोमध लटकून गरगरत राहतो तो वेगळा, तो माझा लांबचा भाऊबंद. मला बसवायचं तर आधी छताला चौकोनी भोक पाडावं लागतं. वर उघडझाप करणारं झाकण, खाली डासांची जाळी आणि मध्ये माझी पाती, एवढा माझा संसार. अर्धं अंग घरात, अर्धं आभाळाखाली. त्यामुळे आतलंही कळतं, बाहेरचंही कळतं, आणि खरं सांगू का, नको तेवढं कळतं. चौकसपणाची खोड मला जन्मापासूनच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथं एका बाईंनी माझ्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरली आणि मला वीज दिली. कागद फडफडत वर आला आणि जाळीला चिकटला. "ओढतोय बरं का," असं त्या शेजारणीला म्हणाल्या आणि मला खोक्यात घातलं. झाली माझी परीक्षा. पण खोक्याच्या अंधारात पडल्या पडल्या माझ्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. मी हवा बाहेर टाकतो हे ठीक. पण मी टाकली तेवढी हवा आत येते कुठून? कारखान्याची दारं हत्ती जाईल एवढी मोठी होती, म्हणून तिथं कुणाला हा प्रश्न पडलाच नसावा.

खोकं उघडलं ते एकहार्टच्या अंगणात, फुल्डा शहराच्या अलीकडच्या एका लहानशा गावात. एकहार्ट हा चर्चमधले नळ्यांचे मोठे ऑर्गन बांधणारा कारागीर, नुकताच कामातून निवृत्त झालेला. जन्मभर त्याची गाठ वाऱ्याशीच. ऑर्गनच्या पोटात भाता असतो, भात्यातली हवा नळ्यांत शिरते आणि नळ्या बोलतात. त्या भात्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी सूर रडवा होतो. त्यामुळे फट दिसली की बुजवायची, हे एकहार्टच्या हाडीमासी खिळलेलं होतं. त्यानं एक रिकामी मालवाहू व्हॅन घेतली होती आणि तिच्यात पलंग, ओटा, कपाटं असं घर थाटत होता. प्रत्येक सांध्यात लोकरीचा जाड नमदा, दारांच्या कडांना मेंढीचं मऊ कातडं, वरून सरस. शेवटी पेटती मेणबत्ती घेऊन तो एकेका सांध्यापाशी फिरला. ज्योत कुठंही हलली नाही, तेव्हा कुठं त्याचा चेहरा खुलला.

"आता हिच्यात पाणी भरलं तरी थेंब बाहेर यायचा नाही," तो म्हणाला.

"मग मासेच पाळूया की," रोझविथा म्हणाली.

रोझविथा त्याची बायको. गावच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि सुट्टीत नवऱ्याबरोबर ऑर्गनचे सूर जुळवायला जायची. हे काम एकट्यानं होत नाही. एक जण आत नळ्यांच्या रानात शिरतो आणि दुसरा बाहेर पट्ट्यांपाशी बसतो. आतून "धर" अशी हाक आली की एक पट्टी दाबून धरायची, "पुढची" म्हटलं की पुढची. कितीही वेळ लागो, बोट उचलायचं नाही. थंडगार चर्चमध्ये दोन-दोन कोट घालून रोझविथानं हे वर्षानुवर्षं केलं होतं, आणि तिला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

मी त्या घरात येण्याआधीच तिला मज्जातंतूंचा आजार जडला होता. एरवी काठी घेऊन ती चांगली चालायची. पण अंग तापलं की मेंदूचे निरोप पायांपर्यंत पोचेनात. पाय लुळे पडत, डोळ्यांपुढे धुरकट होई. अंग निवलं की पुन्हा सगळं जागच्या जागी. म्हणून तर एकहार्टनं आपल्या त्या घट्ट बंद छताला मन घट्ट करून भोक पाडलं आणि मला बसवलं.

सुरुवातीची वर्षं मोठी मजेची होती. आम्ही उत्तरेच्या समुद्रकाठी जायचो. तिथं उकाडा तो किती असणार? कॉफीची वाफ आणि तळलेल्या अळंबीचा वास बाहेर काढणं, एवढंच माझं काम, आणि तेही दार सताड उघडं असताना. "काय गुणी पंखा आहे," असं एकहार्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. मी फुगून जायचो.

त्याच काळात मला या मुलखातल्या माणसांचं एक कोडं पडलं. सकाळी उठलं की यांचं पहिलं काम म्हणजे घराच्या सगळ्या खिडक्या उघडायच्या, रजया खिडकीत टाकायच्या. बाहेर बर्फ का पडत असेना. हवा खेळली नाही तर घर आजारी पडतं म्हणे. पण ते एकदा आटोपलं, खिडक्या लागल्या, की दिवसभरात कुठून बारीकसं वारं आलेलं यांना खपत नाही. "वारं लागतंय," असं कुणी नुसतं पुटपुटलं की चारचौघं उठून फट शोधायला लागतात. मान आखडते, डोळे येतात, कान दुखतात, सगळ्याचं खापर त्या वाऱ्यावर. सकाळी जे औषध तेच दुपारी विष कसं होतं? मी पुष्कळ डोकं चालवलं, पण मला काही उलगडलं नाही. एकहार्टच्या आईनं त्याला लहानपणीच बजावून ठेवलं होतं की मानेवर वारं घेणारा माणूस म्हातारा होत नाही. आता तो स्वतः म्हातारा झाला होता, तरी ते वाक्य त्याच्या मानेवर बसलेलंच होतं.

मग एका उन्हाळ्यात स्पेनहून फोन आला. आरागॉनमधल्या एका खेड्यातला जुना ऑर्गन या दोघांनी तरुणपणी दुरुस्त केला होता. गावची जत्रा जवळ आली होती आणि ऑर्गनच्या तुताऱ्या, म्हणजे तुतारीसारख्या वाजणाऱ्या नळ्या, बेसूर झाल्या होत्या. एकहार्टनं येऊन सूर लावून द्यावेत, अशी गावाची इच्छा होती.

"मी एकटा जाऊन येतो," एकहार्ट म्हणाला.

"आणि पट्ट्या कोण धरणार?"

"धरेल तिथलं कुणीतरी."

"मी धरणार," रोझविथा म्हणाली. "बोटं अजून माझं ऐकतात. पुढच्या वर्षी ऐकतील की नाही, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. हे एवढं एकदा मला करू दे."

त्यांची मुलगी वीब्के हॅम्बुर्गला राहायची. तिला कळलं तशी ती फोनवर कडाडली. "आई, ऑगस्टात स्पेन? भट्टीत उडी घ्यायची हौस आली आहे का तुला?" शेवटी एकहार्टनंच तोडगा काढला. जायचं, पण वाटेत रोझविथा एकदा जरी पडली, तर तिथूनच गाडी मागं फिरवायची. रोझविथानं ते कबूल केलं. त्या क्षणापासून सगळा भार माझ्या पात्यांवर येऊन पडला, हे मला न सांगताच कळलं.

ल्यों शहरापर्यंत बरं गेलं. पुढं मात्र आभाळातून आग बरसू लागली. गाडी चालू असली की पुढच्या दोन जागांवर गार हवा यायची, पण रोझविथाला मधूनमधून मागं जाऊन आडवं व्हावंच लागे. मग गाडी थांबवायची आणि मला लावायचं. आणि इथं एकहार्टनं गंमत केली, ऐका. मला पूर्ण जोरात फिरवायला बॅटरी भरलेली हवी, बॅटरी भरायला छतावरच्या सौरपट्टीला ऊन हवं, म्हणून तो गाडी शोधून शोधून उन्हात उभी करायचा. म्हणजे उन्हानं तापलेली हवा बाहेर काढण्यासाठी आधी उन्हात तापायचं. वर बायकोला वारं बाधू नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद. तिच्या गळ्याभोवती तिनंच विणलेली मऊ ओढणी गुंडाळलेली. हे सगळं तो किती मायेनं करायचा ते मी बघत होतो, म्हणून त्याच्यावर चिडताही येत नव्हतं.

मी जीव तोडून फिरत होतो. पण टाकू काय? ओढायला हवा असली तर टाकेन ना. खोक्यात पडलेला तो जुना प्रश्न आता माझ्या बोकांडी बसला होता. शेवटी हवेनं स्वतःच वाट शोधली. भांडी घासायच्या बेसिनमधून गुळगुळ आवाज यायला लागला आणि खालच्या टाकीतल्या सांडपाण्याचा वास व्हॅनभर पसरला. एकहार्टनं नाक मुरडून बेसिनला बूच मारलं. गॅसची ज्योत एका बाजूला झुकू लागली. मागचं दार उघडायला जड जाऊ लागलं, त्यानं बिजागऱ्यांना तेल पाजलं. एवढं करूनही आत उकाडा होताच, तेव्हा तो कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला, "पंखाच म्हातारा झालाय. नुसती घरघर करतो, काम शून्य."

मित्रांनो, मला फार लागलं ते. काम करायला मिळत नाही म्हणून धापा टाकणाऱ्याला कामचुकार म्हणायचं, हा कुठला न्याय?

नार्बोन शहराच्या जवळ, एका कालव्याकाठी चिनाराच्या सावलीत आम्ही थांबलो. काठ सगळा झाडांनी झाकलेला होता, म्हणून नाइलाजानं सावली. एकहार्ट बाहेर खुर्च्या मांडत होता. आत रोझविथा कॉफीचं पाणी ठेवायला उठली. तिनं गॅस पेटवला, ओट्याला धरून एक पाऊल टाकलं आणि तिचे पाय गेले. पलंग आणि ओटा यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती खाली बसली ती आडवीच झाली. पडल्याचा आवाज ऐकून एकहार्ट धावला. मागचं दार त्याला उघडेना, कारण मी आतून हवा ओढून ते दाबून धरलं होतं. त्यानं सगळा जोर लावून हिसका दिला. दार उघडलं, पण खालच्या कडेचं मेंढीचं कातडं टरकन फाटून लोंबायला लागलं. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. तो आत आला आणि सवयीनं दार लावून घेतलं.

"लागलं का कुठं?" गॅस बंद करत त्यानं विचारलं.

"नाही. मला उचलू नकोस. खाली बरं वाटतंय."

त्यानं तिच्या कपाळावर ओला फडका ठेवला आणि तो तिच्याजवळ जमिनीवरच बसला. मग तो म्हणाला, "रोझी, आपलं ठरलं होतं."

"माहीत आहे मला."

"उद्या सकाळी परत फिरायचं."

रोझविथानं तोंड ओट्याकडं वळवलं. ती रडत होती. आवाज नव्हता, पण वरून मला तिचा खांदा हलताना दिसत होता. इतक्या लांब येऊन, कालव्यापलीकडं स्पेनचा रस्ता दिसत असताना, सगळं इथं संपणार होतं.

"आणि हा एक, उगाच डोक्याशी घरघर," असं म्हणून एकहार्टनं मला बंद केलं.

माझी पाती थांबली. रोझविथानं डोळे पुसले आणि अचानक आपल्या उजव्या मनगटाकडं बघितलं. तिचा हात दाराच्या उंबऱ्याशी पडलेला होता.

"लाव त्याला परत," ती म्हणाली.

"कशाला?"

"लाव म्हणते ना."

मी फिरू लागलो.

"आता बंद कर."

एकहार्टनं बंद केलं.

"लाव. हं. बंद. परत लाव." तिचा आवाज बदलला होता. वर्गात पोरांना कोडं घालताना तो असाच होत असणार. "एकहार्ट, इथं ये. हात ठेव इथं. हा फिरला की माझ्या मनगटावर गार वारं येतं. हा थांबला की तेही थांबतं. कुठून येतंय ते?"

त्यानं वाकून हात ठेवला. मग गुडघ्यांवर बसून त्यानं ती फाटकी कड शोधून काढली. त्याचा चेहरा पार उतरला. "अरेच्चा, कातडं सुटलंय. थांब, सरस आणतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"खबरदार हात लावलास तर."

"अगं, तुझ्या अंगावर सरळ वारं येतंय."

"येऊ दे. गार आहे."

"मान आखडेल."

"आखडू दे. तू मला एक सांग, तुझ्या भात्याला हवा आत घ्यायची झडप असते ना? कुठं असते?"

"खालच्या अंगाला."

"ती कातडं लावून बंद केली तर?"

एकहार्टनं माझ्याकडं बघितलं, मग बूच मारलेल्या बेसिनकडं, मग लोंबणाऱ्या कातड्याकडं. जन्मभर वाऱ्याची कामं केलेला माणूस तो, त्याला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"भाता फुलणारच नाही," तो हळूच म्हणाला.

"मग त्या वरच्या बिचाऱ्याला कशाला शिव्या घालतोस?"

एरवी मला कुणी बिचारा म्हटलेलं आवडत नाही. त्या दिवशी आवडलं.

"मला वाटलं, तुला वारं बाधेल," एकहार्ट म्हणाला.

"तुला वाटलं. तुझ्या आईला वाटायचं. मला विचारलंस का कधी?"

तो उठला आणि पलंगाच्या पायथ्याची, कालव्याच्या बाजूची खालची छोटी खिडकी त्यानं उघडली. आधी बोटभर, मग रोझविथानं डोळे वटारल्यावर पूर्ण. माझ्या शेजारची वरची खिडकी उघडायला त्यानं हात नेला आणि स्वतःच मागं घेतला. बरोबरच होतं ते. ती उघडली असती तर मी जवळचीच हवा ओढून बाहेर फेकत बसलो असतो आणि खालची तापलेली हवा तशीच राहिली असती.

काय सांगू, पहिल्यांदा माझ्या पात्यांना पोटभर हवा मिळाली. पाण्यावरची, चिनाराच्या सावलीतली हवा खालून शिरली, पलंगावरून, रोझविथाच्या अंगावरून सरकत वर आली आणि छताशी तुंबलेला सगळा उकाडा घेऊन माझ्यातून बाहेर पडली. माझी घरघर थांबली. एकहार्टनं खिडकीत ओला टॉवेल टांगला, तशी आत येणारी हवा आणखी निवली. रोझविथाच्या कपाळावरचा घाम सुकला. ऊन कलता कलता तिनं पायाचा अंगठा हलवून बघितला, मग घोटा. मग ओट्याला धरून उठली आणि काळ्या पावाबरोबर एक अख्खं पीच खाल्लं. मान आखडली का, असं एकहार्टनं तिला तीनदा विचारलं. नाही आखडली.

परत फिरायचं की पुढं जायचं, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. मला राहवेना. सकाळी उजाडताच एकहार्टनं गाडी सुरू केली. कालव्यावरच्या पुलाशी रस्ता दोन्हीकडं फुटत होता. तिथं तो थांबला, बायकोकडं बघितलं आणि म्हणाला, "नकाशा तुझ्याकडं आहे. सांग कुठं वळायचं ते."

"डावीकडं परतीचा रस्ता आहे," रोझविथा म्हणाली. "उजवीकडं घे."

त्यानं उजवीकडं घेतली.

पुढच्या प्रवासात आमची रीतच बदलली. पहाटेच्या गारव्यात चालायचं, उन्हं चढायच्या आत सावली गाठायची. समोरच्या काचेला बाहेरून चंदेरी पडदा. स्वयंपाक गाडीबाहेर. सौरपट्टीला ऊन कमी मिळायचं, पण आता मला जोरात फिरायची गरजच नव्हती. रमतगमत फिरलो तरी काम व्हायचं.

त्या खेड्यात पोचलो तेव्हा चर्चची किल्ली घेऊन मिलाग्रोस नावाच्या आजी वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्या हातात घडीचा पंखा होता आणि तो त्या मनगटानं असा काही हलवत होत्या की मी बघतच राहिलो. वीज नाही, झाकण नाही, जाळी नाही. आमच्या जातीचा मूळपुरुष तो, मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

गाडी चर्चच्या भिंतीच्या सावलीत लावली होती. जाड दगडी भिंती, आत गारवा. दोघं आत गेली. मला काही दिसत नव्हतं, पण माझी खालची खिडकी उघडी होती आणि चर्चचं दारही. मी हवा ओढत होतो, हवेबरोबर आवाजही येत होता.

"धर," आतून कुठून तरी एकहार्टचा आवाज.

एक तुतारी बोलली. तिच्या जोडीला दुसरी नळी, जरा वेगळ्या सुरात. दोघींची भांडाभांडी सुरू होती, आवाज थरथरत होता. मग थरथर हळू झाली, आणखी हळू झाली, आणि एकदम दोन्ही सूर एकच झाले. ते ऐकून मला माझ्या पात्यांचं भान राहिलं नाही.

"पुढची."

पुन्हा तेच. सगळी सकाळ तेच. एकदाही बोट सुटलं नाही. दुपारी रोझविथा काठी टेकत, पण आपल्या पायांनी बाहेर आली. मागून एकहार्ट येत होता. धुळीनं त्याचे केस पांढरे झाले होते.

"दमलीस?" त्यानं विचारलं.

"दमले. छोट्या नळ्या उद्या करू," ती म्हणाली, आणि त्याचा हात धरून पायरी उतरली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी नंतर कधी कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नाही.

मित्रांनो, यालाही आता बरीच वर्षं झाली. रोझविथाची बोटं पुढं थकली, पायही थकले. व्हॅन कोठारात उभी राहिली. माझ्या झाकणावर पाचोळा साचला, रबर कडक झालं, जाळीत कोळ्यानं घर केलं. आपलं आयुष्य संपलं, असं मी धरून चाललो होतो. शेवटी व्हॅन विकली. पण विकण्याआधी एकहार्ट शिडी घेऊन आला, मला खोलून घेतलं, ब्रशनं एकेक पातं साफ केलं आणि घरात नेलं. रोझविथा हल्ली माडीवरच्या खोलीत चाकांच्या खुर्चीत बसून असते. त्या खोलीचं छत एकहार्टनं स्वतः बांधलेलं, मुंगी शिरणार नाही असं. त्याला त्यानं करवत लावली.

आता इथून मी तुमच्याशी बोलतोय. मागणं फार नाही. तुमच्या घरी, गाडीत माझं कुणी भावंड असेल तर त्याची जाळी अधूनमधून पुसा, पाचोळा काढा. तो घरघर करू लागला तर मोडीत काढण्याआधी त्याला हवा कुठून मिळते ते बघा. आणि आतल्या माणसासाठी खिडकी उघडायची की लावायची, हे तुमचं तुम्ही ठरवू नका.

गेल्या रविवारी वीब्के आली होती. चांगलं ऊन होतं, मी फिरत होतो, खुर्चीशेजारची खालची खिडकी उघडी होती. वीब्केनं आत पाऊल टाकलं आणि कपाळाला आठी घातली.

"बाबा, आईच्या पायांवर सरळ वारं येतंय. खिडकी लावू का?"

एकहार्ट खुर्चीशी बसून सफरचंद चिरत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "तिला विचार."

वीब्के आईपुढं वाकली. रोझविथाला आता बोलायला वेळ लागतो. दोघंही थांबली.

"अजून थोडी उघड," रोझविथा म्हणाली.